घरातली डिजिटल तिजोरी उघडेना, इमर्जन्सी किल्लीचाही पत्ता नाही. काय करावं?

मलप्रभाकाठ | शनिवार, सकाळी ८:४०

नमस्कार मंडळी. आम्ही खानापूरचे. मामंजींनी घेतलेली एक डिजिटल तिजोरी आहे, देवघराशेजारच्या भिंतीत खाच पाडून बसवलेली. मामंजी गेल्या वर्षी वारले. तिजोरीत जुनं वाटणीपत्र, दोन खरेदीखतं आणि सासूबाईंच्या पाटल्या आहेत. पौती खातं करून घ्यायचं, म्हणजे मामंजींच्या नावची जमीन वारसांच्या नावावर चढवायची, म्हणून तलाठ्यांनी कागद मागितलेत आणि नेमकी आता ही उघडेना.

कोड आम्हाला माहीत आहे, तोच वापरत होतो. बटण दाबलं की बीप येतो. कोड टाकून हॅश दाबलं की हिरवा दिवाही लागतो, पण नॉब हलत नाही. मधूनच पिवळा दिवा लुकलुकतो. पूर्वी हिरव्या दिव्याबरोबर आतनं टक असा आवाज यायचा, तो बंद झालाय. सेलचा डबा दाराच्या आतल्या बाजूला. इमर्जन्सी किल्ली मामंजींनी कुठं ठेवली ते त्यांनाच ठाऊक. अख्खं घर पालथं घातलं.

धाकटे दीर ग्राइंडरवाला आणतो म्हणून बसलेत. सासूबाई म्हणतात देवघराला धक्का लावायचा नाही. काय करू?

अनगोळचा_पोरगा | शनिवार, सकाळी ८:५५

ग्राइंडर मारून सोडा की वहिनी. दहा मिन्टाचं काम.

उद्यमबागी | शनिवार, सकाळी ९:३०

पोरा, दहा मिनिटांत फक्त बिजागरी कापली जाईल, आणि बिजागरी कापून तिजोरी उघडत नसते. त्या बाजूलाही दाराला आतनं पट्टी नाहीतर पिना असतात, त्या चौकटीमागं अडकून राहतात. बिजागरी गेली तरी दार जागच्या जागी. मग माणूस चिडतो, समोरचा पत्रा कापायला घेतो आणि ठिणग्या आत जातात. आत वाटणीपत्र आहे म्हणतायत त्या.

वहिनी, मी बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, मशीन शॉपला होतो, आता फॅब्रिकेशनचं स्वतःचं बघतो. तुम्ही लक्षणं नीट लिहिलीत म्हणून सांगणं सोपं आहे. दाराच्या आत सोलेनॉइड असतो. तांब्याच्या तारेचं वेटोळं आणि त्यात सरकणारी एक लोखंडी पिन. कोड बरोबर आला की वेटोळ्याला करंट मिळतो, पिन आत ओढली जाते. तुम्ही म्हणता तो टक म्हणजे हाच. पिन सरली की नॉबचा अडसर निघतो आणि जाड बोल्ट तुम्ही नॉब फिरवून हातानं मागं घेता. घरगुती तिजोरीत बोल्ट ओढायला मोटर वगैरे नसते. विजेचं काम ती एवढीशी पिन हलवण्यापुरतं.

दिव्याला आणि बीपला करंट नावापुरता लागतो, सोलेनॉइडला त्याच्या कित्येक पट. सेल उतरलेले असले तरी दिवा झकास लागतो, पण सोलेनॉइडनं ओढ घेतली की व्होल्टेज कोसळतं आणि पिन हलत नाही. हिरवा दिवा म्हणजे कोड मान्य, दार उघडलं असं नव्हे. वर तुमचा पिवळा दिवा लुकलुकतोय. बहुतेक मॉडेलमध्ये ती सेल उतरल्याचीच खूण. माझा पहिला संशय सेलवर.

आता दोन गोष्टी बघून सांगा.
कीपॅडच्या खाली किंवा कडेला धातूच्या दोन टिकल्या, नाहीतर रबरी बूच आहे का? बाहेरनं करंट द्यायची सोय तिथं असते.
आणि मधोमध कंपनीच्या नावाची पट्टी किंवा प्लास्टिकची गोल टोपी आहे का? किल्लीचं भोक त्याखाली असतं.

तोवर कोड उगाच टाकत बसू नका. घाईत चार-दोनदा चुकीचा आकडा पडला की यंत्र स्वतःला कुलूप लावून घेतं आणि काही मिनिटं कुणाचंच ऐकत नाही. तसं झालंच तर हात न लावता बसून राहायचं. त्या वेळात बटणं दाबली तर काही मॉडेल वेळ पुन्हा पहिल्यापासून मोजतात.

मलप्रभाकाठ | शनिवार, सकाळी १०:०५

दोन्ही आहेत! खाली रबरी बूच आहे, ते उचकटलं तर आत दोन टिकल्या दिसतात, प्लस-मायनसची खूण आहे. आणि नावाच्या पट्टीखाली किल्लीचं भोक. इतकी वर्षं रोज पुसतेय, ही पट्टी सरकते हे माहीतच नव्हतं.

उद्यमबागी | शनिवार, सकाळी १०:२०

मग काळजी सोडा. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी आणा, माइकमध्ये घालतात ती. प्लस-मायनस बघून टिकल्यांना टेकवा आणि टेकवलेलीच धरा. एकानं बॅटरी धरायची, दुसऱ्यानं कोड टाकून नॉब फिरवायचा. मध्ये हात हलला की करंट तुटला, पुन्हा पहिल्यापासून.

निपाणीकर | शनिवार, सकाळी ११:१०

आमचं निपाणीत कपाटं-तिजोऱ्यांचं दुकान आहे, म्हणून दुकानदाराच्या बाजूनं लिहितो.

प्रत्येक तिजोरीवर सिरीयल नंबर असतो. दारावर, मागं किंवा आतल्या बाजूच्या स्टिकरवर, शिवाय बिलावर आणि वॉरंटी कार्डावर. त्या नंबरावरनं बऱ्याच कंपन्या इमर्जन्सी किल्ली नवीन करून देतात किंवा आपला मेकॅनिक पाठवतात. पण फोनवर नंबर सांगितला आणि किल्ली आली असं होत नाही, होऊही नये. तिजोरी तुमचीच आहे याचा पुरावा मागतात. बिल मामंजींच्या नावावर असणार. त्यांचा मृत्यू दाखला, तुमच्या मिस्टरांचं आधार, नातं दाखवणारा कागद असं काढून ठेवा. किल्ली यायला वेळ लागतो हे धरून चाला.

दुसरं, तुम्ही वापरता तो कोड सोडून बऱ्याच तिजोऱ्यांना मास्टर कोड असतो. कारखान्यातून तो ठरलेला येतो आणि माहितीपुस्तकात छापलेला असतो. नव्वद टक्के गिऱ्हाईक तो बदलत नाही असं माझं मत. मी प्रत्येकाला बजावून सांगतो, ऐकत कोणी नाही. ते पुस्तक सापडलं तर बघा, कोड इथं मात्र टाकू नका.

टिळकवाडीची_ताई | शनिवार, दुपारी १२:३०

मास्टर कोडवरून आठवलं. आमच्या तिजोरीचं ७ चं बटण मेलं होतं. बाकी सगळ्यांना बीप, सातला नाही. आणि आमच्या कोडमध्ये सात. पावसाळ्यात कीपॅडच्या पडद्यात ओल शिरली होती. हेअर ड्रायर सगळ्यात कमी तापमानावर ठेवून, लांबून वारा दिला, बटणाच्या बरोबर मध्यावर दाबत राहिले, पण ते काही जागं होईना. मास्टर कोडमध्ये सात नव्हता, म्हणून सुटका झाली. तेव्हा एक एक बटण दाबून प्रत्येकाला बीप येतोय का हेही बघून घ्या.

मलप्रभाकाठ | शनिवार, दुपारी १:१५

सगळ्या बटणांना बीप येतो, ताई. ते आता पाहिलं. मिस्टर बाजारात बॅटरी आणायला गेलेत.

निवृत्त_कॅशियर | शनिवार, दुपारी ३:००

माझी हयात बँकेत गेली, म्हणून विचारतो. खरेदीखतं आणि वाटणीपत्र घरात ठेवायचीच कशाला? शाखेत लॉकर घ्यावा. तिथं सेल उतरत नाहीत. एक किल्ली तुमची, एक बँकेची, दोन्ही लागल्याशिवाय उघडत नाही. तुमची हरवली तर तुमच्या समक्ष, साक्षीदार ठेवून फोडतात आणि खर्च तुमच्याकडून घेतात.

घटप्रभाकाठ | शनिवार, दुपारी ३:४०

होय की ओ काका, पण बँकेत गेलं तर तिथंही काही झालं की बँक हात वर करते म्हणतात.

निवृत्त_कॅशियर | शनिवार, दुपारी ४:१०

पूर्वी करत होती, आता तेवढं सोपं नाही. रिझर्व्ह बँकेनं १८ ऑगस्ट २०२१ ला परिपत्रक काढलं, १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्यानंच केलेली लबाडी, यात लॉकरमधला माल गेला तर बँकेची जबाबदारी वर्षाच्या भाड्याच्या १०० पटीपर्यंत. भाडं २,००० असेल तर २ लाख. आत किती सोनं होतं याच्याशी संबंध नाही, कारण बँकेला ते माहीतच नसतं. पूर, भूकंप, वीज पडणं अशा आपत्तीत बँकेचा हलगर्जीपणा नसेल तर काही मिळत नाही. थोडक्यात, पाटल्यांसाठी ही रक्कम तुटपुंजी ठरू शकते, पण कागद तिथं सुरक्षित राहतात.

घटप्रभाकाठ | शनिवार, दुपारी ४:३०

पुराचं म्हणाल तर आमचं ऐका. २०१९ च्या ऑगस्टात गोकाकात पाणी शिरलं तेव्हा आमची तिजोरी तळमजल्यावर पाण्याखाली गेली. कीपॅड संपला, दिवाच नाही. इमर्जन्सी किल्ली चुलत्यांच्या घरी वरच्या आळीत होती म्हणून उघडली. सोनं धुऊन घेतलं. कागदांचा लगदा. तिजोरी आगीला टिकते म्हणून घेतली होती, पाण्याचं कुणी विचारलंच नव्हतं. दाराच्या फटीतनं पाणी आरामात आत जातं.

अनगोळचा_पोरगा | शनिवार, संध्याकाळी ५:२०

अक्का, एक व्हिडिओ बघितला, तिजोरीवर अमुक ठिकाणी… [पुढचा मजकूर व्यवस्थापनाने काढला आहे.]

व्यवस्थापक | शनिवार, संध्याकाळी ५:४५

धक्का देऊन, चुंबक लावून किंवा ठोकून तिजोरी उघडण्याच्या पद्धती इथे लिहू नयेत. धागा उघडा आहे, वाचणारे सगळेच मालक नसतात. सेल, किल्ली, कंपनी, मेकॅनिक याबद्दल अवश्य लिहा.

उद्यमबागी | शनिवार, संध्याकाळी ६:१०

काढलंत ते बरं केलंत. एवढं मात्र म्हणतो की स्वस्त तिजोरीत ती पिन नुसत्या स्प्रिंगवर टेकलेली असते, आणि म्हणून चोरालाही असल्या गोष्टी सुचतात. ऑनलाइन सगळ्यात स्वस्त बघून तिजोरी घेणाऱ्यांनी तिला कागदपत्रांची पेटी समजावं, सोन्याची नव्हे. वजनही बघावं. दोघांना उचलून नेता येते ती तिजोरी भिंतीत किंवा जमिनीत बोल्टनं पक्की केली नसेल तर कुलूप किती चांगलं आहे याला अर्थ राहत नाही. मामंजींनी भिंतीत बसवली ते शहाणपणाचं केलं.

वहिनी, बॅटरीचं काय झालं?

मलप्रभाकाठ | शनिवार, रात्री ८:३०

काहीच झालं नाही, दादा. बॅटरी लावली, मिस्टरांनी घट्ट धरली, मी कोड टाकला. हिरवा दिवा आला. टक नाही. मग दिवाही मंद झाला. दीर लगेच म्हणाले, बघा, सोलेनॉइड जळालाय, आता कापायलाच पाहिजे. घरात दोन पक्ष पडलेत.

उद्यमबागी | शनिवार, रात्री ८:५०

बॅटरीवर काय लिहिलंय ते वाचा. अल्कलाइन असं लिहिलंय का? आणि त्यावर महिना-साल काय आहे?

मलप्रभाकाठ | शनिवार, रात्री ९:००

अल्कलाइन कुठंच नाही. हेवी ड्यूटी लिहिलंय. साल पुसट झालंय. दुकानदारानं डब्याच्या तळातनं काढून दिली होती.

उद्यमबागी | शनिवार, रात्री ९:२५

वाटलंच. हेवी ड्यूटी म्हणजे साधा झिंक-कार्बन सेल, नावावर जाऊ नका. भिंतीवरच्या घड्याळाला, रिमोटला चालतो, कारण तिथं करंट थेंबाथेंबानं लागतो. एकदम ओढ घेतली की त्याच्या आतला अवरोध आडवा येतो. त्यात तो वर्षानुवर्षं दुकानात पडलेला. नुसता मल्टिमीटर लावून बघितलात तर कदाचित ९ च्या जवळपास दाखवेलही. त्यावर भरवसा ठेवू नका, ताण पडल्यावर काय होतं ते महत्त्वाचं.

उद्या कुणी बेळगावला येणार असेल तर खडेबाजारात किंवा गणपत गल्लीत, जिथं माल रोज खपतो अशा इलेक्ट्रिक दुकानात, अल्कलाइन ९ व्होल्ट घ्या. तारीख बघून. सोबत डब्यातले चार पेन्सिल सेलही अल्कलाइनच घेऊन ठेवा, उघडल्यावर लागतील. चार्जिंगचे सेल घेऊ नका. ते १.२ व्होल्टचे असतात, चार मिळून ४.८, आणि तिजोरीला ६ ची सवय. पहिल्या दिवसापासून पिवळा दिवा दाखवेल.

सोलेनॉइड जळाला की नाही ते त्यानंतर ठरवू. दिरांना म्हणावं, एक दिवस थांबा.

निपाणीकर | शनिवार, रात्री ९:५०

आणि नेटवर नंबर सापडलेल्या कुठल्याही तिजोरीवाल्याला बोलावू नका. फोनवर थोडके पैसे सांगायचे, घरी आल्यावर ड्रिल मारायला काढायचं आणि मग आकडा फुगवायचा, हा धंदा सगळीकडे चालतो. चांगला माणूस आधी मॉडेल विचारतो, फोटो मागतो आणि तिजोरी तुमची आहे का ते बघतो. जो ओळखपत्रच मागत नाही त्याला घरात घेऊ नये, हे माझं स्पष्ट मत. ड्रिल मारायची वेळ आलीच तर जाणकार मॉडेल बघून एकच बारीक भोक पाडतो, ते नंतर भरून तिजोरी पुन्हा वापरता येते. भारी तिजोरीत तर चुकीच्या जागी ड्रिल मारलं की आतला जादा अडसर आपोआप पडतो आणि काम दुप्पट होतं.

मलप्रभाकाठ | रविवार, दुपारी २:२०

मिस्टर सकाळच्या गाडीनं बेळगावला जाऊन आले. अल्कलाइन बॅटरी लावली आणि टक आला! पहिल्यांदाच खणखणीत. पण नॉब चतुर्थांश फिरतो आणि अडतो. पुढं जात नाही. जोर केला तर मोडेल असं वाटतं. आता?

उद्यमबागी | रविवार, दुपारी २:४०

जोर करू नका. टक आला म्हणजे सेल, कीपॅड, सोलेनॉइड तिन्ही ठीक. राहिले बोल्ट. नॉब थोडा फिरतोय म्हणजे पिनेनंही वाट दिली आहे. बोल्ट कुठंतरी दाबले गेलेत.

कारणं दोनच संभवतात. एक, भिंत. खानापूरचा पाऊस मी सांगायला नको. ओल्या भिंतीत चौकट किंचित आवळली, बोल्टांवर गंज धरला, की ते चौकटीच्या भोकांत घट्ट बसतात. दोन, आतली एखादी वस्तू घसरून दारावर किंवा बोल्टच्या पट्टीवर टेकलीय.

आता नीट वाचा. तिघं लागाल. एकानं तळहातानं किंवा गुडघ्यानं दार आत दाबून धरायचं, बिजागरीच्या विरुद्ध बाजूला. दुसऱ्यानं बॅटरी. तिसऱ्यानं कोड टाकायचा, आणि कोड टाकेपर्यंत नॉबला हात लावायचा नाही. पुष्कळ लोक आधीच नॉब पिळून धरतात आणि मग कोड टाकतात. तसं केलं की नॉबचा सगळा भार त्या पिनेवर येतो, पिन चिमटीत सापडते आणि सोलेनॉइड कितीही ओढला तरी ती निघत नाही. नॉब उलट बाजूला हलकासा सैल सोडा, कोड टाका, टक ऐका, मग फिरवा. अडलं तर परत मागं घ्या, दार दाबायची जागा बदला, वरच्या कोपऱ्याला, खालच्या कोपऱ्याला. टक झाल्यावर साधारण पाच सेकंद मिळतात, तेवढ्यात फिरवायचं.

टिळकवाडीची_ताई | रविवार, दुपारी ३:०५

देव करो आणि उघडो. सासूबाईंना म्हणावं तोंड गोड करायला कुंदा पाठवते.

मलप्रभाकाठ | रविवार, दुपारी ४:१५

उघडली!!!

दार दाबायला दीरच उभे राहिले, ग्राइंडरचे पुरस्कर्ते. खालचा कोपरा गुडघ्यानं रेटला तेव्हा नॉब कर्रकन पूर्ण फिरला. आत मामंजींनी स्टीलचा चौकोनी डबा उभा ठेवला होता, तो पुढं कलून दारावर रेलला होता. खालच्या बोल्टवर गंजही आहे. सेलच्या डब्यात पांढरी-हिरवी पावडर जमलीय.

आणि हसू नका. डब्यात वॉरंटी कार्ड, माहितीपुस्तक आणि एका छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत दोन्ही इमर्जन्सी किल्ल्या. पिशवीचं सीलसुद्धा फोडलेलं नाही. सासूबाई म्हणाल्या, "त्यांनी आयुष्यभर महत्त्वाच्या वस्तू जागच्या जागी ठेवल्या." मग स्वतःच हसायला लागल्या.

कागद कोरडे आहेत, थोडा कुबट वास आहे. पाटल्या आहेत. उद्यमबागी दादा, तुमचे उपकार.

निपाणीकर | रविवार, दुपारी ४:३०

आमच्या गिऱ्हाइकांत निम्म्यांच्या किल्ल्या आतच असतात. मी आता विकतानाच एक किल्ली पिशवीतनं काढून हातात ठेवतो.

अनगोळचा_पोरगा | रविवार, दुपारी ४:४०

भारी की अक्का 😄

उद्यमबागी | रविवार, संध्याकाळी ५:३०

उपकार कसले. पण आनंदात दार लगेच लावू नका. दार उघडंच ठेवून पुढचं करा.

जुने सेल हातमोजा घालून काढा. पावडर अल्कलाइन सेलची असेल तर कापसाच्या काडीवर थोडं लिंबू किंवा व्हिनेगर घेऊन स्प्रिंगा पुसा, फसफसेल. मग स्पिरिटनं पुसून पूर्ण वाळू द्या. स्प्रिंगवर गंज उरला तर बारीक पॉलिश पेपर फिरवा. नवे सेल चारही एकाच पॅकेटमधले.

मग दार उघडं असतानाच नॉब उलटा फिरवून बोल्ट बाहेर काढा, म्हणजे ते हवेत कुलूपबंद होतील. आता कोड टाकून आत घ्या. परत काढा, परत घ्या. हे बरेचदा करा. मग इमर्जन्सी किल्लीनंही करा. नव्या किल्ल्या कधी फिरवलेल्याच नाहीत, फिरतात का ते दार लावल्यावर कळून काय उपयोग? हे सगळं पटलं की मगच दार लावायचं.

बोल्टवर पॉलिश पेपर मारून ग्रीसचा अगदी पातळ हात द्या. कीपॅडमध्ये, सोलेनॉइडपाशी किंवा किल्लीच्या भोकात तेल सोडू नका. धूळ धरून त्याचा चिकटा होतो आणि पिन सरकेनाशी होते. किल्लीच्या भोकाला ग्राफाइटची पूड चालते.

मलप्रभाकाठ | रविवार, संध्याकाळी ६:१५

करते तसं. कुबट वासाचं काय करावं? आणि किल्ली ठेवायची कुठं? मिस्टर म्हणतात कपाटात कपड्यांखाली.

निवृत्त_कॅशियर | रविवार, संध्याकाळी ७:००

कपड्यांखाली चोर पहिल्यांदा बघतो. एक किल्ली दुसऱ्या घरात, विश्वासाच्या माणसाकडे बंद पाकिटात, सहीनिशी. दुसरी बँकेच्या लॉकरात, जर घेतलात तर. आणि कोड व किल्लीची जागा घरातल्या किमान दोघांना माहीत हवी. तुमच्याकडे कोड तरी माहीत होता. माणूस गेला आणि दोन्ही त्याच्याबरोबर गेलं अशी घरं मी पाहिलीत. वाटणीपत्राच्या झेरॉक्स काढून वेगळ्या ठेवा आणि नोंदणीकृत असेल तर उपनिबंधक कार्यालयातून प्रमाणित नक्कल काढता येते, तीही काढा. पौती खात्याला मूळ कागद हातातनं सोडण्याआधी हे करा.

घटप्रभाकाठ | रविवार, संध्याकाळी ७:२०

काका, दुसऱ्या घरात म्हणजे कुठं? आमच्यात भावाभावांतच वाटण्या चालल्यात. किल्ली कुणाकडं द्यायची यावरनं अजून एक भांडण.

निवृत्त_कॅशियर | रविवार, संध्याकाळी ७:३०

मग बहिणीकडे द्या.

उद्यमबागी | रविवार, रात्री ८:००

वासाचं सांगतो. आगीला टिकणारी तिजोरी असेल तर दाराच्या आणि भिंतींच्या पोकळीत सिमेंटसारखं मिश्रण भरलेलं असतं. त्यात पाणी बांधलेलं असतं, आगीत ते वाफ होऊन आतली उष्णता रोखतं. त्याच पाण्यामुळं एरवीही आत दमटपणा राहतो. वर तुमची भिंत ओली. सिलिका जेलच्या पुड्या टाका, रंग बदलणाऱ्या मिळतात. रंग पालटला की पुन्हा वाळवा. कागद प्लास्टिकच्या झिपवाल्या पिशवीत ठेवून पिशवीतही एक पुडी. पावसाळ्यात आठवड्यातनं एकदा दार अर्धा तास उघडं ठेवा. त्या निमित्तानं सेलही कळतील. सेल वर्षाला बदलायचे, उतरलेले असोत नसोत. तो स्टीलचा डबा आडवा ठेवा.

हुक्केरीचा_मास्तर | सोमवार, सकाळी ७:५०

उशिरा वाचला धागा. आमची फिंगरप्रिंटची आहे. वडिलांचं बोट घेतच नाही, माझं घेतं. तेही सेलचंच असेल का?

उद्यमबागी | सोमवार, सकाळी ८:३०

तुमचं बोट घेते म्हणजे सेल आणि सोलेनॉइड ठीक आहेत. वडील शेतात राबलेले का? खोरं-विळा धरून बोटांच्या रेघा झिजतात, आमच्या फौंड्रीतल्या माणसांचंही असंच होतं. हात धुऊन, पुसून, थोडं तेल-क्रीम लावून, परत कोरडं करून बघा. नाहीच घेतलं तर अंगठ्याऐवजी करंगळी किंवा अनामिका नोंदवा, त्या कमी झिजतात. दोन्ही हातांची नोंदवा. आणि फिंगरप्रिंटच्या मागं बहुतेकदा तोच सोलेनॉइड आणि तेच चार सेल असतात, तेव्हा वडिलांना कोडही पाठ करायला लावा आणि तुमची किल्ली कुठं आहे ते आज बघून घ्या.

हुक्केरीचा_मास्तर | सोमवार, सकाळी ९:१०

किल्ली सापडली, टीव्हीखालच्या खणात. वडिलांची करंगळी घेतली.